दार लावले, तरी दिवा जळतोच!

मोटारीचे दार उघडले की छतातला लहानसा दिवा आपोआप लागतो आणि दार लावले की विझतो. ही सोय इतकी सवयीची झाली आहे की तिच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. पण एखाद्या दिवशी चारही दारे लावून, किल्ली काढून आपण घराकडे निघावे, सहज मागे वळून पाहावे, तो आत दिवा जळतोच आहे! दारे पुन्हा आपटून पाहिली तरी तो विझायचे नाव घेत नाही.

अशा वेळी दोन प्रश्न पडतात. एवढासा दिवा रात्रभर जळला तर बिघडले कोठे? आणि बिघाड नेमका आहे कोठे? विद्यार्थी मित्रांनो, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तुम्ही शाळेत शिकलेल्या विद्युत्शास्त्रातच दडलेली आहेत. ओहमचा नियम, समांतर जोडणी आणि थोडा शिस्तीचा विचार, एवढ्या सामग्रीवर आपण ती शोधू.

एवढ्याशा दिव्याने काय होते?

प्रथम हिशेब करू. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते. छतातला साधा दिवा ५ वॅटचा आहे असे धरू. शक्ती म्हणजे विभवांतर आणि विद्युत्प्रवाह यांचा गुणाकार. म्हणून दिव्यातून जाणारा प्रवाह ५ भागिले १२, म्हणजे सुमारे ०.४२ अँपियर.

लहान मोटारीची बॅटरी साधारण ३५ अँपियर-तास क्षमतेची असते. म्हणजे ठोकळमानाने ती १ अँपियर प्रवाह ३५ तास देऊ शकते. आपला दिवा रात्रीचे १० तास जळला तर ४.२ अँपियर-तास खर्च होतील. हा खर्च क्षमतेच्या आठव्या हिश्श्याइतका झाला. बॅटरी नवी व पूर्ण भारित असेल तर सकाळी गाडी बहुधा सुरू होईल.

पण गाडीत दोन दिवे असले, म्हणजे एकूण १० वॅट, आणि शनिवारी रात्री ९ वाजता लावलेली गाडी सोमवारी सकाळी ९ वाजता काढायची असली तर? ३६ तास गुणिले ०.८३ अँपियर म्हणजे सुमारे ३० अँपियर-तास. बॅटरी जवळजवळ रिकामी! बॅटरी जुनी असेल, तिची खरी क्षमता निम्म्यावर आली असेल, तर याहून कितीतरी आधी ती उतरेल.

इंजिन सुरू करताना स्टार्टर मोटरीला शंभर अँपियरच्या घरातला, पुष्कळदा त्याहूनही अधिक प्रवाह लागतो. हे काम काही सेकंदांचेच असते, पण तेवढा जोर उतरलेल्या बॅटरीत राहत नाही. पूर्वीच्या मोटारी पुढून हँडल फिरवून सुरू करीत. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने बनवलेला विजेचा स्टार्टर १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत बसवला गेला आणि हँडल हळूहळू मागे पडले. आपल्याकडच्या अँबॅसडरसारख्या जुन्या गाड्यांना हँडल मारण्याची सोय होती. आजच्या गाड्यांना ती नाही. ढकलून सुरू करावी म्हटले तर तेही हाताने गिअर बदलण्याच्या गाडीतच जमते. म्हणूनच एखाद्याला रात्री दवाखान्यात न्यायचे असेल, तर या लहानशा दिव्याची किंमत फार मोठी ठरू शकते.

बॅटरीचे आणखी एक नुकसान होते. शिसे व आम्ल यांचा हा घट गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केला. तो वीज देतो तेव्हा त्याच्या दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते. पुन्हा भारित केल्यावर ते नाहीसे होते. मात्र उतरलेली बॅटरी बरेच दिवस तशीच पडून राहिली, तर या सल्फेटचे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि मग ते सहजासहजी परत विरत नाहीत. बॅटरीची क्षमता कायमची घटते.

दाबल्यावर विझणारी कळ

आता दिव्याच्या जोडणीकडे वळू. वहीत आकृती काढत काढत वाचलेत तर अधिक चांगले.

घरातल्या दिव्याला दोन तारा लागतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. मोटारीत मात्र दुसऱ्या तारेचे काम पुष्कळ ठिकाणी गाडीचा लोखंडी सांगाडाच करतो. बॅटरीचे ऋणाग्र जाड तारेने सांगाड्याला जोडलेले असते. मिस्त्री लोक याला 'बॉडी अर्थ' म्हणतात. दिव्यातून आलेला प्रवाह सांगाड्यात कोठेही पोचला की तो बॅटरीकडे परत जाऊ शकतो.

छतातल्या दिव्याची नेहमीची जोडणी अशी असते: बॅटरीच्या धनाग्रापासून निघालेली तार फ्यूजमधून थेट दिव्याच्या एका टोकाला येते. या टोकाला १२ व्होल्ट सदैव हजर असतात, किल्ली काढली तरीही. दिव्याच्या दुसऱ्या टोकापासून निघालेल्या तारेला फाटे फुटतात आणि एकेक फाटा एकेका दाराच्या चौकटीतल्या कळीकडे जातो. कळीचे दुसरे टोक सांगाड्याला जोडलेले असते.

जुन्या पद्धतीच्या गाडीचे दार उघडून चौकटीकडे पाहा. तेथे रबरी टोपी घातलेले एक बोंड दिसेल. ही कळ आपल्या दारावरच्या घंटेच्या बटणाच्या अगदी उलट आहे. घंटेचे बटण दाबले की मंडल जुळते. ही कळ दाबली की मंडल तुटते आणि सोडली की आतली स्प्रिंग ते जुळवते. दार लावले की ते कळीला दाबून धरते व दिवा विझतो. घरच्या फ्रिजमधल्या दिव्याचीही तऱ्हा हीच.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. दिवा *विझवण्यासाठी* काहीतरी घडावे लागते. दार बसावे लागते, बोंड पुरेसे आत जावे लागते, आतले संपर्क दूर व्हावे लागतात. यातले काहीही राहिले तर दिवा जळतच राहणार.

एक विझलेला, पंधरा पेटलेले

चार दारांच्या चार कळी एकमेकींना समांतर जोडलेल्या असतात. त्यामुळे पहिले *किंवा* दुसरे *किंवा* तिसरे *किंवा* चौथे दार उघडे असले तरी दिवा लागतो. विझण्यासाठी मात्र पहिले *आणि* दुसरे *आणि* तिसरे *आणि* चौथे, अशी सगळी दारे बंद लागतात.

प्रत्येक दार उघडे किंवा बंद असे दोन प्रकारे असू शकते. चार दारांचे मिळून २ × २ × २ × २ म्हणजे १६ प्रकार झाले. यांपैकी १५ प्रकारांत दिवा जळतो आणि फक्त एकात विझतो! 'किंवा' आणि 'आणि' यांचे हे गणित विजेच्या कळींनी मांडता येते, हे क्लॉड शॅनन या अमेरिकी अभियंत्याने १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात दाखवले. संगणकाच्या मंडलांची बैठक याच विचारावर आहे. मोटारीतला दिवा हे त्याचे अगदी घरगुती उदाहरण होय.

बिघाड स्वतःच पत्ता सांगतो

समजा, तारेचे आवरण घासून आतले तांबे सांगाड्याला टेकले आहे. अशा वेळी काय होईल? 'शॉर्ट होईल, फ्यूज उडेल' असे उत्तर तुमच्यापैकी बहुतेक जण देतील. पण ते अर्धेच बरोबर आहे.

तार दिव्याच्या *अलीकडे*, म्हणजे बॅटरी व दिवा यांच्या दरम्यान टेकली, तर वाटेत रोध जवळजवळ नाही. प्रवाह एकदम प्रचंड वाढतो, फ्यूज वितळतो आणि दिवा विझतो.

तीच तार दिव्याच्या *पलीकडे*, म्हणजे दिवा व कळ यांच्या दरम्यान टेकली, तर प्रवाहाला आधी दिव्यातून यावेच लागते. ५ वॅटच्या पेटलेल्या दिव्याचा रोध किती? विभवांतराचा वर्ग भागिले शक्ती, म्हणजे १४४ भागिले ५, अर्थात २८.८ ओहम. हा रोध वाटेत असल्यामुळे प्रवाह ०.४२ अँपियरच राहतो. फ्यूजला काहीच जाणवत नाही. दिवा मात्र, सगळी दारे बंद असूनही, जळत राहतो.

म्हणजे पाहा, बिघाड एकाच जातीचा, पण जागा बदलली की परिणाम नेमका उलटा. दिवा जळतो आहे याचाच अर्थ बॅटरी, फ्यूज, अलीकडची तार आणि दिवा ही सगळी ठीक आहेत. हत्यार हातात घेण्यापूर्वीच आपण निम्मे मंडल संशयातून वगळले! दोष दिव्याच्या पलीकडे, सांगाड्यापर्यंतच्या वाटेवर किंवा दिव्याच्या स्वतःच्या कळीत असला पाहिजे.

काही गाड्यांत दाराची कळ धनाग्राच्या बाजूला असते. तेथे हा तर्क बदलतो. म्हणून गाडीच्या माहितीपुस्तकातली आकृती आधी पाहणे केव्हाही चांगले.

शोध कसा घ्यावा

आता पायरीपायरीने जाऊ. सोपे व बिनखर्चाचे आधी आणि खोलण्याचे नंतर, हा नियम पाळावा. घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्यावे.

पहिली पायरी: दिव्याला स्वतःची कळ असते. तिच्या बहुधा तीन जागा असतात: सदा चालू, दाराबरोबर चालू आणि सदा बंद. सामान ठेवताना किंवा लहान मुलाच्या हाताने ती 'सदा चालू'वर सरकलेली असते, असे पुष्कळदा आढळते. ती 'दाराबरोबर' या जागी आणा.

दुसरी पायरी: प्रत्येक दार व डिकी उघडून पुन्हा नीट लावा. कुलपाला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यावर अडकलेले दार बंद दिसते, पण कळीला पुरते दाबत नाही. पट्ट्याचे टोक किंवा ओढणीचा पदर दारात अडकला आहे का, तेही पाहा.

तिसरी पायरी: तीन दारे बंद ठेवून चौथे उघडा आणि त्याचे बोंड बोटाने पूर्ण आत दाबा. दिवा विझला तर कळ चांगली आहे. दारच तिच्यापर्यंत पोचत नाही. दारावरचा रबराचा तुकडा गळून पडला असेल किंवा बिजागरी झिजून दार खाली बसले असेल. दिवा विझला नाही तर ते दार लावून पुढच्या दाराकडे जा.

चौथी पायरी: एकेक कळ सोडवा. जुन्या पद्धतीची कळ पुष्कळदा एकाच स्क्रूने चौकटीला बसवलेली असते. स्क्रू काढून कळ तारेसह बाहेर ओढा, तार वेगळी करा आणि तिचे उघडे टोक चिकटपट्टीने गुंडाळा. तार आत निसटू नये म्हणून तिला दोरा बांधून ठेवा; चौकटीच्या पोकळीत गेलेली तार परत काढणे मोठे जिकिरीचे असते.

येथे एक प्रश्न. पहिली कळ सोडवली, दिवा विझला नाही. मग ती परत जोडून दुसरी सोडवावी की पहिली तशीच सुटी ठेवावी? परत जोडावी असे वाटणे साहजिक आहे. पण दोन कळी एकाच वेळी बिघडल्या असतील तर? एक सोडवली तरी दुसरी दिवा पेटता ठेवील. ती परत जोडून दुसरी सोडवली की पहिली पेटता ठेवील. चारही तपासून झाल्या तरी गुन्हेगार सापडणार नाही! म्हणून सोडवलेली कळ सुटीच ठेवून पुढे जावे. ज्या कळीला दिवा विझेल ती तर दोषी आहेच. मग तिला सुटीच ठेवून बाकीच्या एकेक करून जोडाव्या, त्यांची दारे लावावीत. एखादी जोडताच दिवा पुन्हा पेटला तर तीही दोषी.

चारही कळी सुटल्या तरी दिवा जळतो आहे? मग कळी निर्दोष ठरल्या. आता दिव्याची कळ 'सदा बंद'वर न्या. दिवा विझला तर दिवा व दारे यांच्या दरम्यानची तार कोठेतरी सांगाड्याला टेकली असावी. नाहीच विझला तर दोष दिव्याच्या कळीतच आहे. पुष्कळ वेळा तार घासते ती जेथे ती वारंवार वाकते किंवा पत्र्याच्या भोकातून जाते तेथे. विशेषतः डिकीच्या बिजागरीपाशी.

दुरुस्ती आणि सावधगिरी

बोंड धूळ व गंजामुळे अडकले असेल तर कळ काढून स्वच्छ करावी, संपर्क काचकागदाने हलके घासावेत. कोकणात, समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात गंज लवकर धरतो. गंमत अशी, की गंजाने बोंड बाहेर आलेले अडकले तर दिवा विझत नाही आणि आत गेलेले अडकले तर तो लागतच नाही. कारण एक, लक्षणे दोन! कळ फारच खराब झाली असेल तर नवी बसवणे उत्तम.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्यात. तारेला हात घालण्यापूर्वी बॅटरीचे ऋणाग्र सोडवावे, पुन्हा जोडून तपासावे. आधी ऋणाग्रच का? धनाग्र सोडवताना पाना चुकून सांगाड्याला लागला, तर सगळी बॅटरी पान्यातूनच शॉर्ट होईल. ऋणाग्र तर सांगाड्यालाच जोडलेले असल्याने पाना लागला तरी काही होत नाही. हातातली अंगठी, कडे काढून ठेवावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघू शकतो, म्हणून जवळ आगकाडी पेटवू नये. एअरबॅग असलेल्या गाडीतल्या पिवळ्या रंगाच्या जोडण्यांना हातही लावू नये. आणि फ्यूजच्या जागी साधी तार कधीही घालू नये. ठरलेला फ्यूज वितळतो म्हणूनच तारा जळत नाहीत.

दुरुस्ती आजच होणार नसेल तर दिव्याची कळ 'सदा बंद'वर ठेवावी. तेवढ्यानेही भागले नाही तर थंड झाल्यावर बल्ब काढून ठेवावा.

नव्या गाड्यांत काय बदलले?

आजच्या अनेक गाड्यांत चौकटीत बोंड दिसत नाही. कळ दाराच्या कुलपातच लपलेली असते. ती दिव्याला थेट जोडलेली नसून एका इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाला दार उघडे की बंद एवढेच कळवते. दिवा लावायचा की नाही हे तो नियंत्रक ठरवतो. म्हणून दार लावल्यावर दिवा काही सेकंद रेंगाळून हळूहळू मंदावतो. हा बिघाड नव्हे.

दार उघडेच असल्याची खूण डॅशबोर्डावर दिसत असेल तर संशय त्या कुलपातल्या कळीवर घ्यावा. पुष्कळ नियंत्रक ठरावीक वेळानंतर आतला दिवा आपण होऊन बंद करतात, बॅटरी वाचावी म्हणून. पण दिवा विझला म्हणजे दोष गेला असे नव्हे. शिवाय एलईडी दिवा १ वॅटचा असला तर त्याला ०.०८ अँपियरच लागतो. साधने बदलली, हिशेब कमी झाला, पण विचाराची रीत तीच राहिली.

खोक्यातली मोटार

शिक्षकांना वर्गात करून घेता येईल असा एक प्रयोग सांगतो. बुटांचा एक खोका घ्या. त्याला आतून ॲल्युमिनियमची चंदेरी पन्नी चिकटवा. हा झाला सांगाडा. बाजूंना पुठ्ठ्याची चार दारे कापा. प्रत्येक दाराजवळ पन्नीतून आरपार एक खिळा ठोका आणि त्याला आपोआप टेकून राहील अशी पत्र्याची लवचीक पट्टी बसवा. पट्टी पन्नीला लागू देऊ नका, खाली कागद घाला. दाराच्या आतल्या बाजूस पेन्सिलीचा तुकडा असा चिकटवा, की दार लावताच तो पट्टीला खिळ्यापासून दूर ढकलेल.

दीड व्होल्टचे दोन घट एकापुढे एक जोडा. ऋणाग्र पन्नीला, धनाग्र टॉर्चच्या बल्बला आणि बल्बचे दुसरे टोक चार तारांनी चार पट्ट्यांना जोडा. धनाग्राची तार पन्नीला लागू देऊ नका, नाहीतर घट तापतील. आता दारे उघडून-लावून पाहा.

मग वर्गाचे दोन गट करावेत. एका गटाने गुपचूप बिघाड करावा: पेन्सिलीचा तुकडा आखूड करणे, पट्टी खिळ्याला गुंडाळणे, तारेचे आवरण खरवडून ती पन्नीला टेकवणे किंवा एकदम दोन बिघाड करणे. दुसऱ्या गटाने तो शोधावा. मात्र प्रत्येक पायरीपूर्वी 'असे केले तर काय होईल आणि त्यावरून काय ठरेल' हे वहीत लिहूनच खोक्याला हात लावावा. ज्या गटाच्या पायऱ्या कमी तो जिंकला.

मोटारीचा मिस्त्री, रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर, आजाऱ्याला तपासणारा वैद्य, हे सारे याच रीतीने चालतात. जे चालू आहे त्यावरूनही ते बिघडलेल्याचा माग काढतात आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहतात.

विचार करा

१. डिकीची कळही याच दिव्याला समांतर जोडली, तर एकूण किती प्रकार होतील? त्यांपैकी कितींत दिवा विझलेला असेल?

२. १२ व्होल्टच्या, ४५ अँपियर-तास क्षमतेच्या बॅटरीवर १० वॅटचा दिवा ठोकळमानाने किती तास जळेल?

३. चारही कळी समांतर न जोडता एकसरीत जोडल्या, तर दिवा केव्हा लागेल?

४. घरच्या फ्रिजचे दार लावल्यावर आतला दिवा खरोखर विझतो, हे दार न उघडता कसे सिद्ध कराल?